समाधानी कोंबडीची अंडी

गेल्या वर्षी अंड्यांचे भाव पडले आणि खाद्याचे चढले, तेव्हा घरातल्या तिघांनी एका संध्याकाळी गंभीरपणे बसून विचार केला, की नफा वाढवायचा तर नेमका कुणाचा घास कमी करावा. कोंबड्यांचा करता येत नव्हता. आपण हात आखडता घेतला की त्याही घेतात. सासूबाईंचा घास कमी करण्याचे कुणाच्या मनातही आले नाही. नवऱ्याने आपली तब्येत मुळातच नाजूक असल्याचे स्वतःहून सांगितले. उरली सूनबाई. पण ती सगळ्यांच्या मागून, पातेल्यात उरेल ते खायची, त्यामुळे तिच्या बाबतीत कपातीला फारसा वाव नसल्याचे बैठकीत आढळून आले.

मग नवऱ्याने शहरातून बातमी आणली. तिकडची माणसे म्हणे आता नुसते अंडे खात नाहीत. ते घालताना कोंबडीची मनःस्थिती काय होती, हे त्यांना आधी कळावे लागते. कोंबडी दुःखी असली तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. डब्यावर समाधानाचा शिक्का असला, की तेच अंडे दुप्पट भावाने घेतात आणि वर आभार मानतात.

"शिक्का कोण देतं?" सासूबाईंनी विचारले.

"कुक्कुट समाधान मंडळ. त्यांचा माणूस येतो, कोंबड्यांकडे बघतो आणि ठरवतो."

"नुसतं बघून?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या बापाबरोबर मी जन्म काढला. ते समाधानी होते का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही."

तपासनीस आला तो मऊ तळव्यांचे बूट घालून. त्याने शेडमध्ये एक स्टूल मागवले आणि सकाळभर तो कोंबड्यांकडे बघत बसला. कोंबड्याही त्याच्याकडे बघत राहिल्या. दुपारी त्याने परस्परविश्वासाला वाव असल्याची नोंद केली आणि हळू आवाजात नियम सांगायला घेतले. दाणा पहाटे आणि दुपारी, ठरल्या वेळी. अंड्याचे कवच रात्री घडते, म्हणून शिंपल्यांचा चुरा संध्याकाळी. पाणी गार. रात्री वेळेवर दिवा बंद, कारण कोंबडीलाही दिवसाकाठी स्वतःचा असा वेळ हवा. शेडमध्ये आणि अंगणात कुणी आवाज चढवायचा नाही, धावायचे नाही. आणि शेडचे दार दिवसभर उघडे, म्हणजे तिच्या मनात येईल तेव्हा तिला बाहेर जाता येईल.

सूनबाई बादली घेऊन ऐकत उभी होती. नियम तिला मनापासून पटले. दिवा वेळेवर बंद होण्याचा नियम तर तिला इतका आवडला, की तो आणखी कुणाकुणाला लागू आहे, हे विचारायचे तिच्या अगदी ओठांवर आले होते. पण नियम कोंबड्यांचे होते.

"आणि यांना दाणा कोण घालतं?" तपासनिसाने विचारले.

नवऱ्याने आणि सासूबाईंनी एकाच वेळी सूनबाईकडे बोट केले. त्या घरात एकमत होण्याची ही पहिलीच वेळ.

"छान. वहिनी, हात बघू." सूनबाईने हात पुढे केला, तशी एक कोंबडी निवांतपणे येऊन तळव्यावर टोचून गेली. तपासनिसाचा चेहरा उजळला. "परिचित हात," तो लिहिता लिहिता म्हणाला. "हा मात्र बदलायचा नाही."

"पण मी पुढच्या महिन्यात आठ दिवस आईकडे जाणार आहे," सूनबाई म्हणाली. "तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. एका डोळ्याचं दिसणं गेलंच, हा एक राहिलाय. तिला माझ्याशिवाय कुणी नाही."

"जरूर जा. मंडळ कुणालाच अडवत नाही. फक्त शिक्का जाईल."

म्हणून घरच्यांनी आधी प्रयोग करून पाहिला. सासूबाईंनी सूनबाईचे कपडे घालून दाणा टाकला. सासूबाई आयुष्यभर ज्या नजरेने लोकांकडे बघत आल्या होत्या, त्याच नजरेने कोंबड्यांनी त्यांच्याकडे बघितले आणि पाठ फिरवली. नवऱ्याने खिशातला फोन घरी ठेवून दाणा टाकला, तर त्या एका कोपऱ्यात गोळा झाल्या. अंडी निम्म्यावर आली. मग प्रमाणपत्र आले, त्यात साधनसामग्रीच्या मथळ्याखाली पंखे, पाण्याची भांडी, अंडी घालायची खोकी आणि त्यानंतर 'परिचित हात, एक जोडी' अशी नोंद होती. नवऱ्याने ते फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावले.

"पुढच्या महिन्याऐवजी थोडं पुढे ढकलू या का?" सूनबाईने आईला फोनवर विचारले.

"ढकलू या की. मला कुठे सुईत दोरा ओवायचाय?" आई म्हणाली.

शिक्क्याची अंडी हातोहात जाऊ लागली. घरावर नवे पत्रे आले. आणि सगळे सुरळीत चाललेले असताना कोंबड्यांनी पिसे गाळायला सुरुवात केली. शेड पिसांनी भरले, अंडी बंद झाली, सासूबाईंनी कपाळाला हात लावला. तपासनिसाने येऊन उलट सगळ्यांचे अभिनंदन केले.

"ही विश्रांती," तो म्हणाला. "इतके दिवस अंडी घातली, आता शरीराला उसंत नको? दोन महिने त्यांच्याकडून कसलीही अपेक्षा ठेवायची नाही. खायला पोटभर द्या. आणि कुणी टोमणे मारू नका."

"दमल्यात हो बिचाऱ्या," सासूबाई म्हणाल्या. सूनबाईला खालची फरशी पुसता यावी म्हणून त्यांनी पाय वर घेतले.

"अंडीच नाहीत, तर मग मी आत्ता जाऊन येऊ का?" सूनबाईने विचारले.

तपासनीस तिच्याकडे बघतच राहिला. "आत्ता? पिसं गळालेली, मन हळवं झालेलं, आणि नेमका आत्ता परिचित हात काढून घ्यायचा?"

"अगं, माणुसकी म्हणून काही आहे की नाही?" नवरा म्हणाला.

"शिवाय वहिनी, तुमच्या आईंकडे कोंबड्या आहेत?"

"दोनच. परसात असतात."

"मग झालंच. तिकडून रोग येतो. परत आल्यावर तीन आठवडे तुम्हाला शेडमध्ये पाय ठेवता येणार नाही."

आईने हे फोनवर ऐकले आणि त्याच दिवशी दोन्ही कोंबड्या शेजारणीला देऊन टाकल्या. पकडायला काही त्रास पडला नाही, असे तिने नंतर कौतुकाने सांगितले. एक जरा धावली. दुसरी मात्र इतकी सवयीची, की चाचपडणाऱ्या हातातही आपण होऊन येऊन बसली. "आता तुझ्या साहेबांची काही हरकत नसेल," आई म्हणाली.

पण तोवर कोंबड्यांना नवी पिसे आली होती, अंडी पुन्हा सुरू झाली होती आणि पुढच्या तपासणीत मंडळाला एक नवीनच उणीव आढळली. कोंबड्या उत्तम होत्या. त्यांना दाणा घालणारी बाई उदास होती.

"वहिनी, हे त्यांना जाणवतं," तपासनीस दुखऱ्या आवाजात म्हणाला. "तुम्ही शेडमध्ये शिरताना तुमचं जे काही असेल ते बाहेर खुंटीला अडकवून येत जा." आणि घरच्यांकडे वळून म्हणाला, "यांना शेडमध्ये किंवा अंगणात कुणी रागावायचं नाही. घरात काय तो तुमचा खाजगी मामला."

सासूबाईंनी नियम पाळला, पण बोलणे काही थांबवता येईना. शेवटी त्यांनी अंगाईची चाल धरली. शेडच्या दारात उभ्या राहून त्या गोड, लांब सुरात म्हणायच्या, "भाजीत मीठ नाही गं माझी बाई, तुझ्या आईनं काय शिकवलं गं तुला." कोंबड्या सुखाने डोळे मिटायच्या. सूनबाई दाणा टाकता टाकता नियमाप्रमाणे हसायची. तपासनिसाने अंगाईची विशेष उपक्रम म्हणून नोंद घेतली आणि इतर फार्मांनाही तिची शिफारस केली.

मग गिऱ्हाइकांच्या भेटी सुरू झाल्या. दर रविवारी शहरातून गाड्या यायच्या. त्यातल्या एक चष्मेवाल्या बाई फारच मायाळू होत्या. त्या अर्धा दिवस प्रश्न विचारत राहिल्या. यांना रोज मोकळं फिरायला मिळतं ना? अंडी उचलून नेताना यांना काय वाटत असेल? यांच्यावर कसली सक्ती नाही ना? नवरा उत्तरे देत होता. एका लंगड्या कोंबडीला बघून बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. मग त्यांचे लक्ष बादली घेऊन उभ्या असलेल्या सूनबाईकडे गेले.

"तुम्ही किती नशीबवान हो. दिवसभर यांच्या सहवासात."

"हो ताई."

"मलाही वाटतं, सगळं सोडून इथे यावं."

"या ना," सूनबाई पटकन म्हणाली. "आठच दिवस या. चार दिवस आधी आलात की मी सवय लावून देते. तुमचा हात मऊ दिसतो, घेतील त्या. तेवढ्यात मी आईकडे जाऊन येते. तिचा डोळा..."

बाई हसल्या. काय गोड आहेत या, असे नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, पाच डबे घेतले आणि अंधार पडायच्या आत निघाल्या.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. तिने आधी कोंबड्यांची चौकशी केली. सगळ्या बऱ्या आहेत ना, खातात ना. मग म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, आता नाही केलं तर पुढे करण्यात अर्थ नाही. शुक्रवारी बोलावलंय. तू नको गं धावपळ करूस. शेजारीण गाडीत बसवून देईल. तिकडे उतरल्यावर विचारत विचारत जाईन मी."

सूनबाईने फोन ठेवला. संध्याकाळी शिंपल्यांचा चुरा टाकला, देवापुढे हात जोडून जरा जास्त वेळ बसली आणि सकाळी पहाटेचा दाणा घालून, पिशवी घेऊन शेडच्या उघड्या दारातून बाहेर पडली.

सासूबाई अंगणात दात घासत होत्या. त्यांनी पिशवी पाहिली, ओरडायला तोंड उघडले आणि कोंबड्यांकडे बघून मिटले. मग तांब्या खाली ठेवून त्यांनी सूर लावला, "कुठे निघालीस गं माझी राणी, तंगडं मोडून ठेवीन गं तुझं."

"आईकडे," सूनबाई तितक्याच हळू म्हणाली.

नवरा अनवाणी धावत आला. पण अंगणात धावायलाही मनाई असल्याचे आठवून मध्येच चालायला लागला. "अगं," तो कुजबुजला, "शिक्का जाईल."

"दुपारचा दाणा पिंपात काढून ठेवलाय. पाणी बदललंय."

"अगं, घराचं काय होईल?"

"हळू बोला. त्या बघतायत."

खरेच, सगळ्या कोंबड्या तिच्या मागोमाग कुंपणापर्यंत आल्या होत्या. तिने एकेकीला मागे सारले आणि फाटकाची कडी लावली. पलीकडे रस्ता होता. तिथे आवाज चढवायला परवानगी होती, पण नवरा फाटकापर्यंत शिस्तीत चालत येईतो तिला घेऊन बस सुटली.

अपेक्षेप्रमाणे कोंबड्यांनी दाण्याला तोंड लावले नाही. तिसऱ्या दिवशी टोपल्या रिकाम्या. शहरातली मागणी तर ठरलेली. नवऱ्याने देवाचे नाव घेतले आणि हमरस्त्यावरच्या मोठ्या शेडमधून अंडी उचलली. तिथे एकेका पिंजऱ्यात इतक्या कोंबड्या, की मान वळवायची तर शेजारणीला विचारावे लागे आणि दिवा कधी विझतच नसे. ती अंडी त्याने पुसली, डब्यांत भरली, शिक्का मारला आणि फोन समोर घेऊन, घाम पुसत बसून राहिला.

पहिला निरोप चष्मेवाल्या बाईंचा. 'या खेपेची अंडी काही वेगळीच आहेत. खाताना कळतं, कोंबडी सुखात आहे.' पाठोपाठ तसेच आणखी आले. तपासनिसाने सदिच्छा म्हणून दिलेला डबा घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम येऊन सांगितले, की मंडळाने आजवर चाखलेले हे सर्वोच्च समाधान आहे. कोंबड्यांबद्दल त्याने विचारले नाही. नवऱ्याने त्या आठवड्यात नवे डबे छापून घेतले. झाकणावर शेडच्या दारात हसत उभ्या असलेल्या सूनबाईचा फोटो होता.

आईच्या डोळ्यावरची पट्टी निघाली, त्या दिवशी शेजारणीने दुकानातून कौतुकाने त्यातलाच एक डबा आणला. आईने तो जवळ धरला, लांब धरला, मग लेकीच्या तोंडाकडे बघितले.

"ही कोण?"

"मीच की गं."

"छे," आई म्हणाली. "मला आता स्पष्ट दिसतं."

सूनबाईने घरी फोन लावला. "उद्या निघते मी."

"कशाला घाई?" नवऱ्याचा आवाज इतका मोकळा तिने कधी ऐकला नव्हता. "राहा की. महिनाभर राहा." मागून सासूबाई भरघोस आवाजात ओरडल्या, "विश्रांती घे म्हणावं."

इतकी वर्षे ज्या शब्दाची वाट पाहिली, तो असा न मागता मिळाल्यावर कुणाचाही जीव हरखला असता. सूनबाईने फोन कानाशी घट्ट धरला. तिकडे अंगणात कुणीतरी मोठ्याने बोलत होते आणि त्याला कुणी गप्प करत नव्हते.

"कोंबड्या कुठायत?"

"रविवारपुरत्या थोड्या ठेवल्यात. बाकीच्या विकल्या. आता तशी गरज राहिली नाही."

"आणि मी?"

"तुझा फोटो आहे ना," नवरा समजुतीने म्हणाला.

डबे आजही वेळेवर निघतात. एखादा तुमच्याही स्वयंपाकघरात असेल. उद्या सकाळी अंडे फोडण्याआधी झाकणावरच्या हसऱ्या बाईकडे क्षणभर बघा आणि मग सावकाश घास घ्या. अंड्यामागे कोण सुखात आहे आणि कोण नाही, हे तुमच्या जिभेला बरोबर कळेल. ज्याला कळले नाही असे गिऱ्हाईक अजून तरी सापडलेले नाही.