टँगोवाल्या सुमतीमावशी

फ्रँकफर्टमधल्या आमच्या घराची बेल पहिल्यांदा वाजली ती कुकरमुळे. राहायला येऊन चारच दिवस झाले होते. डाळीची दुसरी शिट्टी झाली आणि दारात साठीच्या एक बाई. लाल लिपस्टिक, केसांत कापडी गुलाब, अंगात घरातला गाऊन आणि पायांत उंच टाचांचे काळे बूट. मी जर्मनमध्ये माफी मागायला तोंड उघडलं, तोच त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "तुमचा कुकर काळी चारच्या किंचित खाली शिट्टी देतो. मी वर पांढरी पाचात गातेय. आल्झो, तर मग, असं कसं चालेल?"

त्या वर गेल्या आणि पाच मिनिटांत स्वतःचा कुकर घेऊन आल्या. "हा घ्या. हा सुरात आहे." माझा कुकर डाळीसकट उचलून नेला. डाळ संध्याकाळी फोडणी होऊन परत आली. कुकर अजून यायचाय.

या सुमतीमावशी. मूळच्या मिरजेच्या, आमच्या वरच्या मजल्यावरच्या, आणि पस्तीस वर्षं टँगो गाणाऱ्या. पोस्टरवर त्यांचं नाव 'ला सुमा'. टँगो अर्जेंटिनाचा, जोडीजोडीनं नाचायचा, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्यात मिरज कुठून आलं?

"चुकीच्या वर्गात बसले गं," मावशी सांगतात. लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा काका मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांनी बायकोचं नाव प्रौढांच्या संध्याकाळच्या शाळेत घातलं. जर्मनचा वर्ग होता खोली दोनशे चारमध्ये. मावशी बसल्या दोनशे चौदामध्ये. तिथे स्पॅनिश चालू होतं. "मला काय कळणार? दोन्ही परकीच. दीड महिना मन लावून शिकले. मग ऐटीत बेकरीत जाऊन पाव मागितला, तर बाई नुसती बघत राहिली. घरी येऊन ह्यांना म्हटलं, अहो, इथल्या लोकांना धड जर्मन येत नाही!"

काकांनी वही उघडून पाहिली आणि घोटाळा कळला. पण तोवर त्या वर्गाच्या म्हाताऱ्या बाईंनी, त्या अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसच्या, मावशींचा गळा ऐकला होता. त्या व्याकरण गाण्यांतून शिकवायच्या. म्हणाल्या, व्याकरण राहू दे, तू गा.

गळा मिरजेत अकरा वर्षं घासलेला. पहिल्याच कार्यक्रमात मावशींनी सवयीनं एक लांब तान घेतली. "समोरच्या जोडीतल्या बाईनं पाय उचललेला, तो तसाच हवेत. माझी तान संपेना आणि तिला पाय ठेवायला जागा मिळेना. शेवटी पडली ती." तेव्हापासून मावशींनी ताना सोडल्या. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड मात्र सोडली नाही. तीच लोकांना आवडली.

मग नाचाची कॅफे, माइन नदीवरच्या बोटी, वृद्धाश्रम, एकदा तर फर्निचरच्या दुकानाचं उद्घाटन. काका गाडी चालवायचे आणि कार्यक्रमात मागे बसून माइककडे लक्ष ठेवायचे. "मला गाण्यातलं कळत नाही, खरखरीतलं कळतं," असं ते अजूनही सांगतात. घरी मावशींचा एकच मंत्र, "पोट आत!" सूर पोटातून लावायचा असतो म्हणून. हे त्या मला सांगतात, पोस्टमनला सांगतात, तळघरात कपडे धुणाऱ्या शेजारणीला सांगतात. आमच्या इमारतीत सगळे जिन्यातून पोट आत घेऊनच उतरतात.

आता त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते सांगते.

मला दिवस गेले होते. आई नाशिकहून यायची होती, तिकीट काढलेलं होतं. निघायच्या आठवडाभर आधी ती बाथरूममध्ये घसरली आणि तिचा पाय मोडला. फोन ठेवला आणि मी जिन्यातच बसून रडायला लागले. वरून टाचांचा आवाज आला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "डिंक आहे का घरात?"

इरा झाली आणि मावशी सव्वा महिना रोज सकाळी आठला आमच्याकडे हजर. लिपस्टिक, गुलाब, सगळं जागच्या जागी. उंच टाचांचे बूट तेवढे दारात काढायच्या, जमिनीवर पाय पसरून बसायच्या आणि पायांवर इराला घेऊन तेल लावायच्या. बाळंतिणीला तपासायला घरी येणारी जर्मन सुईण, हेबामे, पहिल्या दिवशी दारातच थबकली. दुसऱ्या दिवशी मावशींनी ओव्याची धुरी दिली आणि छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागला. हेबामे खिडक्या उघडत होती, माझा नवरा निखिल खुर्चीवर चढून अलार्म काढत होता, आणि मावशी शांतपणे म्हणाल्या, "हा मात्र अगदी सुरात आहे हं."

इराला झोपवायला त्या टँगोच म्हणायच्या. मी अर्थ विचारला. "नवरा दुसरीबरोबर नाचतो, ही चाकू काढते," मावशी कुजबुजल्या, "हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय."

मी तेव्हा त्यांचे आभारही धड मानले नाहीत. झोपेतच होते मी बहुतेक. माझ्या आईनं फोनवर मानले, तर मावशी म्हणाल्या, "अहो, मी रिकामीच असते."

गेल्या महिन्यात इराचा पाचवा वाढदिवस झाला. पाहुणे गेल्यावर काका खुर्च्या घडी करत होते. सहज म्हणाले, "पाच वर्षं झाली का? बरोबर. त्याच आठवड्यात हिचं कोलोनला रेकॉर्डिंग होतं ना."

"कसलं रेकॉर्डिंग?"

"सीडी निघायची होती हिची. पहिलीच. वाद्यवृंदानं तीन दिवस स्टुडिओ घेतला होता. ही गेली नाही. मग त्यांनी दुसरी गायिका घेतली."

पस्तीस वर्षांत मावशींची एकही सीडी नव्हती, हे मला माहीत होतं. कारण मी होते, हे माहीत नव्हतं. मी तडक स्वयंपाकघरात गेले. मावशी केकचं भांडं घासत होत्या.

"मावशी, तुम्ही मला सांगितलं का नाही? तीन दिवस आम्ही कसंही निभावलं असतं."

त्यांनी दारातून बाहेर काकांकडे एक नजर टाकली. काका खुर्च्या मोजायला लागले.

"उगाच स्वतःला अपराधी समजू नकोस," मावशी म्हणाल्या. "घाबरले होते मी. तीन महिने कारण शोधत होते. तुझ्या आईचा पाय मोडला, तेव्हा वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं. आता बोल."

"पण इतकी वर्षं गाताय, घाबरायचं काय?"

त्यांनी नळ बंद केला. "टँगोत नाचणारे एकमेकांकडे बघतात, नाहीतर डोळे मिटतात. तसंच नाचायचं असतं, बरोबरच आहे. पण गाणारीकडे कोण बघतंय? पस्तीस वर्षं मी लोकांच्या पाठींना गायले गं. स्टुडिओत काचेपलीकडे एक माणूस फक्त मलाच ऐकत बसणार होता. सवयच नव्हती." हात पुसत त्या थोडं हसल्या. "तुझी पोर मात्र झोप लागेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत असायची. तुझी हेबामे म्हणाली, इतक्या लहान बाळाला नीट दिसत नाही. नसेना का. तोंड माझ्याकडे होतं ना!"

मी बाहेरून दोन खुर्च्या आणल्या, एकीवर काकांना बसवलं, एकीवर मी बसले आणि इराला मांडीवर घेतलं.

"हे काय?" मावशींनी विचारलं.

"गा ना."

"आत्ता? भांडी पडलीयेत."

"पडू देत."

त्यांनी केसांतला गुलाब चाचपला, घसा साफ केला आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. पहिल्या ओळीला आवाज किंचित कापला, दुसरीला लागला. इरा बघत होती, मी बघत होते. काका, ज्यांना गाण्यातलं काही कळत नाही, ते चष्मा पुसून परत लावत होते. आमच्यापैकी कुणीही डोळे मिटले नाहीत.