गोजराबाईंचे दहापैकी दहा

गोजराबाईंना ऑपरेशनची भीती नव्हती, भुलीची होती.

"गुडघा कापा, वाटी बदला, काय करायचं ते करा," त्या भूलतज्ज्ञ डॉक्टर रजनी यांना म्हणाल्या. "पन मला झोपवू नका. झोपंत मी काय बोलती ते मला ठावं न्हाई, आन् हितं निम्मं गाव वळखीचं हाय."

डॉक्टर रजनींनी शांतपणे समजावलं. पाठीत एक इंजेक्शन द्यायचं, कमरेखालचा भाग बधिर होईल, बाई जाग्या राहतील. ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून मांडीत एक बारीक नळी ठेवायची आणि तिच्यातून औषध थेंबाथेंबानं सोडायचं. "सिस्टर येऊन तुम्हाला विचारतील. किती दुखतंय ते शून्य ते दहामध्ये सांगायचं. त्याप्रमाणे औषध कमीजास्त करू."

नेमका त्याच वेळी गोजराबाईंचा फोन वाजला. माण गावात त्यांच्या अकरा खोल्या होत्या. जिथं पूर्वी भात लावत, तिथं आता हिंजवडीच्या कंपन्यांमधली मुलं भाड्यानं राहत. त्यांतल्या एकाचं म्हणणं होतं की पाण्याची मोटार चालू होत नाही. बाईंनी एका कानानं मोटार ऐकली आणि दुसऱ्यानं डॉक्टर. 'शून्य ते दहा' एवढं हाती लागलं. कशाचे, ते राहून गेलं.

पण त्यांना ते विचारायची गरजही वाटली नाही. भाडेकरूंचं जेवण घेऊन येणारी मुलं रोज दारात सांगून जात, "आजी, साहेबांना चांगले स्टार द्यायला सांगा." सून वृषालीनं टॅक्सीतून उतरल्यावर फोनवर चांदण्या कशा दाबायच्या तेही शिकवलं होतं. हल्ली कुणी काम केलं की त्याला मार्क द्यायचे असतात, हे गोजराबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यात त्यांचं धोरण ठरलेलं होतं. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पूर्ण मार्क द्यायचे.

ऑपरेशन सुरळीत झालं. पडद्यापलीकडून ठोकाठोकी ऐकू आली तेव्हा बाईंनी "चौकट बसली का?" एवढंच विचारलं.

संध्याकाळी गौतमी नावाची सिस्टर आली. लवळ्याची मुलगी, नोकरीला लागून पाच महिने झालेले, सहाव्या महिन्यात कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. तिनं बाईंचे ओठ ओल्या कापसानं पुसले, पायाखालची उशी नीट केली आणि विचारलं, "आजी, शून्य ते दहामध्ये किती?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी सकाळपासून उभी होती.

"दहा."

गौतमीचा चेहरा उतरला. "दहा? नक्की?"

"दहा म्हंजे दहा. मी हात आखडता घेत न्हाई."

गौतमी धावत गेली. डॉक्टर रजनींना विचारून नळीतलं औषध वाढवलं. तासाभरानं पुन्हा विचारलं. पुन्हा दहा. मग एक इंजेक्शन झालं. त्यानंतर परत तोच प्रश्न.

"अजून तेवढंच आहे, आजी?"

एवढं देऊनही पोरीचं समाधान होईना, म्हणून बाईंना जरा नवल वाटलं. "अकरा हायेत का? असले तर अकरा लिव," त्या म्हणाल्या आणि झोपल्या.

दुसऱ्या दिवशी पाय ओंडक्यासारखा पडला होता, डोकं गरगरत होतं आणि पोहे पाहून मळमळत होतं. डॉक्टर रजनी पलंगाशी उभ्या राहून कागद पाहत होत्या. रक्तदाब ठीक, नाडी ठीक, चेहरा निवांत. आकडा मात्र सलग दहा.

"तुम्ही तर शांत दिसताय," त्या म्हणाल्या.

"मग काय रडू?" गोजराबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी ही सहनशक्ती मनोमन वाखाणली आणि गोळी बदलली. मोठ्या सिस्टरांना मात्र वाखाणण्यासारखं काही दिसेना. पेशंट दिवसभर असह्य वेदनेत राहतो म्हणजे काय, याचा त्यांनी गौतमीकडून लेखी खुलासा मागितला.

तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मनीष आला. पायात जोर यावा म्हणून त्यानं डॉक्टरांना सांगून नळीतलं औषध बरंच कमी करून घेतलं होतं. त्यानं हसतमुखानं बाईंची टाच धरली आणि नवा गुडघा वाकवला. बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. अकरा बाळंतपणं त्यांनी जवळून पाहिली होती, तीन स्वतःची. त्यांतलं एकही त्यांना या वेळी मोठं वाटलं नाही.

"आजी, किती?" मनीषनं विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदाच गोजराबाईंनी आपलं धोरण मोडलं. दात आवळून त्या म्हणाल्या, "शून्य."

मनीषचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "छान. मग अजून थोडं वाकवू." त्यानं वाकवला. "आता?"

"शून्य. त्याच्या खाली काय असंल तर ते."

"काय जिगर आहे," मनीष म्हणाला आणि आणखी वाकवला. बाई जितक्या त्वेषानं शून्य देत होत्या, तितक्या उत्साहानं तो पुढे जात होता. शेवटी गुडघा पार काटकोनात आला. मनीषनं कागदावर 'वेदना शून्य' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि सगळ्या वॉर्डाला सांगत सुटला.

दुपारी गौतमी आली तेव्हा बाई घामानं भिजून पडल्या होत्या आणि वृषाली शेजारी मोसंबं सोलत होती.

"आजी, किती?" गौतमीनं हळूच विचारलं.

"तुला दहा. तुला काय कमी करायचं?"

गौतमीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "आजी, मी अजून काय करू सांगा ना. माझ्याकडून लेखी मागितलंय."

"दहा देऊनबी?" गोजराबाई उठून बसायला लागल्या.

वृषालीचा हात मोसंब्यावरच थांबला. "आई, हे दहा कशाचे आहेत?"

"तिच्या कामाचे. दुसरं कशाचे?"

वृषालीनं मोसंबं बाजूला ठेवलं.

"आई, ते दुखण्याचे आकडे आहेत. काही दुखत नसलं तर शून्य, सहनच होत नसलं तर दहा."

"दुखन्याला कोन मार्क देतं?" बाई म्हणाल्या. मग त्यांना एकदम मनीष आठवला. "तरीच त्यो थांबत नव्हता."

गोजराबाईंना इतकी शरम कधी वाटली नव्हती. त्यांनी डॉक्टर रजनींना बोलावून घेतलं, मोठ्या सिस्टरांना बोलावून घेतलं आणि दोघींसमोर सांगितलं, "लिव्हून घ्या, चूक माजी हाय. ह्या पोरीच्या हातून मला कायबी तरास झाला न्हाई."

"मग खरं किती दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आत्ता चार. त्यो येऊन गेला तवा दहा."

नळीतलं औषध बेतानं वाढलं, व्यायामाच्या आधी गोळी द्यायचं ठरलं, मनीषला बाजूला घेऊन समज देण्यात आली. मोठ्या सिस्टरांनी खुलाशाचा कागद फाडला, आणि दोन दिवसांत गौतमीला कायम झाल्याचं पत्रही मिळालं. बाई आता नियमानं आकडे देत. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी मोघम "बरं हाय" म्हटलं, तर त्यांनाही दटावत, "आकडा सांगा."

सहाव्या दिवशी त्या घरी निघाल्या. वृषाली गाडी आणायला गेली होती. काउंटरवरच्या मुलीनं एक कागद पुढे केला. त्यावर वॉर्डात काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि नावापुढे शून्य ते दहा असे आकडे होते, एकावर गोल करायचा होता. वर बारीक अक्षरात काहीतरी छापलं होतं, पण बाईंचा चष्मा पिशवीत तळाशी होता आणि त्यांना आता कुणी शिकवायची गरज उरली नव्हती. एकदा चुकलं ते चुकलं.

त्यांनी मनीषला विचार करून दहा दिले. गौतमीपुढे शून्यावर ठळक गोल केला.

खुर्ची ढकलायला आलेल्या गौतमीनं तो कागद पाहिला.

"तुला शून्य दिलाय, पोरी," गोजराबाई तिचा हात धरून म्हणाल्या. "या टायमाला अजिबात चूक केली न्हाई."

गौतमी क्षणभर कागदाकडे बघत राहिली, मग बाईंकडे. "बरं, आजी," ती म्हणाली, आणि खुर्ची फिरवली.

गाडीत बसताना मागून मनीष पळत आला. काउंटरवर त्यानं कागद पाहिला होता. "आजी, दहापैकी दहा? मी तुम्हाला एवढं रडवलं, तरी?"

"रडवलंस म्हनूनच दिले, बाळा," गोजराबाई म्हणाल्या.

मनीष गाडी वळेपर्यंत तिथंच उभा राहिला. सहा वर्षांच्या नोकरीत त्याचं काम इतकं नेमकं कुणालाच कळलं नव्हतं.