तापकीर आण्णांच्या टोफूचा आवाज

तापकीर आण्णांनी मला पहिल्यांदा घरी बोलावलं, तेव्हा खुर्चीवर बसवलं, एक सोनेरी चौकोनी तुकडा माझ्या उजव्या कानापाशी धरला आणि दोन बोटांनी मोडला.

"काय ऐकू आलं?"

"काही नाही."

"रिजेक्ट," म्हणत त्यांनी तुकडा डब्यात टाकला. मी तो उचलायला हात पुढे केला, तर झाकणच लावलं. "खायचा न्हाई. ऐकायचा."

तो तुकडा तळलेल्या टोफूचा, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचा होता. आमच्या पुनावळ्याच्या सोसायटीत टोफू म्हणजे जिमला जाणाऱ्या मुलांनी डोळे मिटून गिळायची वस्तू. आण्णांचा आणि जिमचा काही संबंध नव्हता. ते इथल्या मूळ गावातले. आमची बिल्डिंग उभी आहे तिथं पूर्वी त्यांचा भात व्हायचा. चाकणच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. निवृत्त झाले, पण इन्स्पेक्शन काही सुटलं नाही. भाजीवाल्याकडच्या काकडीची जाडी मोजायला ते खिशातला व्हर्नियर लावायचे. जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांच्या लेखी तीनच प्रकार होते: ओके, रिवर्क आणि रिजेक्ट. माझ्या बायकोची पुरणपोळी त्यांनी प्रेमानं खाल्ली आणि शेवटी म्हणाले, "वयनी, कडेला जरा रिवर्क लागंल."

कंपनीनं एकदा त्यांना मशीन बसवायला तीन महिने इंडोनेशियाला पाठवलं होतं. तिथं काय पाहिलंत, असं विचारलं की उत्तर एकच. "टोफू. गेटाबाहेर एक गाडीवाला तळायचा. गिऱ्हाईकानं चावला की रस्त्याच्या पल्याड ऐकू यायचं, राव!"

परत आल्यावर कित्येक वर्षं त्यांनी त्या टोफूचं नाव काढलं नव्हतं. मग यंदा अचानक ते हात धुऊन त्याच्या मागे लागले. मी समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि माझे दोन्ही कान शाबूत आहेत, एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली.

आण्णांचं म्हणणं, आवाज पाण्यात अडकतो. टोफूतलं पाणी निघालं पाहिजे. आधी त्यांनी टोफूवर पाटा ठेवला. तेवढ्यानं भागेना, म्हणून जीपचा जॅक घरात आणला. ओट्याखाली जॅक, जॅकवर परात, परातीत फडक्यात बांधलेला टोफू. मी कान तयार ठेवून उभा. आण्णांनी दांडा चार वेळा हलवला. पाचव्यांदा फडकं फाटलं आणि टोफू चारी दिशांना गेला. फ्रिजवर गेला, कॅलेंडरवर गेला, माझ्या ऑफिसच्या शर्टावर गेला. आण्णांनी चष्मा पुसला आणि वहीत लिहिलं, "प्रेशर जास्त."

मग वाळवण सुरू झालं. गच्चीवर जुनं लुगडं पसरून त्यावर टोफूचे तुकडे मांडले. कबुतरं आली. कबुतरांनी चव घेतली आणि उरलेला माल खालच्या गाड्यांवर सोडला. त्यातली एक गाडी सोसायटीच्या अध्यक्षांची होती.

रविवारी सकाळी मीटिंग भरली. अध्यक्ष म्हणाले, "गच्चीवर टोफू वाळवता येणार नाही."

"पापड चालत्यात, कुरडया चालत्यात. टोफूनं काय घोडं मारलं?"

"नियमात टोफू नाही!"

"नियमात कबुतर तरी कुठं हाय?" आण्णा उठले. त्यांनी पिशवीतून डबा काढला. तांदळाचं पीठ, बर्फाचं पाणी आणि दोनदा तळणं, असा नवा प्रयोग करून ते थेट कढईवरून मीटिंगला आले होते. "समद्यांनी दोन मिन्टं गप ऱ्हावा."

का कोण जाणे, चाळीस माणसं गप्प बसली. तेवढ्यात कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. "कुनाचा कुकर हाय? बंद करा त्यो!" आण्णा ओरडले आणि एक बाई खरोखरच पळत गेल्या. मग आण्णांनी तुकडा मोडला.

कुर्रुम!

शेवटच्या रांगेत डुलक्या काढणारे एक गृहस्थ दचकून जागे झाले. टाळ्या वाजल्या. अध्यक्षांनीही हात पुढे केला, "बघू, एक द्या." पण आण्णांचं लक्षच नव्हतं. "ओके!" एवढंच ते पुटपुटले, डबा छातीशी धरला आणि लिफ्टची वाट न बघता जिना चढू लागले. चपला तिथंच राहिल्या. त्या हातात घेऊन मी मागोमाग गेलो.

दार उघडंच होतं. काकू, म्हणजे आण्णांच्या पत्नी, सोफ्यावर बसल्या होत्या. आण्णा धापा टाकत त्यांच्यापुढे गुडघ्यावर बसले. "चाव लवकर, मऊ पडंल."

काकूंनी तुकडा तोंडात घातला. कुर्रुम. त्यांनी डोळे मिटले. सावकाश चावत राहिल्या, पुन्हा एक घेतला. "आलं बाई," त्या म्हणाल्या, "कायतरी तोंडात आलं."

माझ्याकडे लक्ष जाताच त्यांनी मलाही बशीत दोन तुकडे दिले आणि "मिरच्या आनते" म्हणत आत गेल्या.

मी पहिला घास घेतला. आवाज अप्रतिम होता. चव मात्र कशाचीच नव्हती. "आण्णा," मी हळूच म्हणालो, "मीठ राहिलं."

"राहिलं न्हाई." आण्णा स्वयंपाकघराकडं बघत होते. "दीड वरीस झालं. तिला ताप आला आन् वास गेला, चव गेली. आंबा खाल्ला तरी माती चावल्यावानी. दूध करपलं तरी कळंना, तवापासनं सैपाक मीच करतो. पापडाला कटाळली, फुटाण्याला कटाळली. म्हनलं, निदान नवा आवाज तरी द्यावा."

"पण तुम्हाला तर चव आहे ना?"

"ती मातीगत खाती आन् मी शेजारी बसून चवीनं जेवायचं?" आण्णांनी मान हलवली. "पयल्याच आठवड्यात मीठ बंद केलं. तिला ठाव न्हाई. बोलायचं न्हाई."

काकू मिरच्या घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. "मला मेलीला काय कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "तुमीच सांगा भाऊ, मीठ बरोबर हाय नव्हं? ह्यांना जेवान चवीचं लागतं. माझ्यापायी आबाळ नको व्हायला."

आण्णा पंख्याकडं बघत होते.

"एकदम बरोबर आहे, काकू," मी म्हणालो.

काकूंचा चेहरा खुलला. त्यांनी आणखी तीन तुकडे माझ्या बशीत वाढले. मी तिन्ही खाल्ले.