मनगट म्हणजे नेमकं कुठे?

"हात बरा होईपर्यंत तू इकडची काडी तिकडे करायची नाहीस! घर मी बघतो!" दवाखान्याच्या पायऱ्या चढताना कोशकाकांनी जाहीर केलं.

काकू बाथरूममध्ये घसरल्या होत्या आणि उजवं मनगट पावासारखं टम्म फुगलं होतं. काकांची हयात शब्दकोशाच्या कचेरीत गेलेली. घरातला गॅस कुठून पेटतो हे अजून विचारावं लागे. काकू नुसत्या "बरं" म्हणाल्या.

एक्स-रेत बारीक तडा निघाला. प्लास्टरच्या खोलीत प्लास्टरवाले भाऊ पट्ट्या भिजवत होते. सकाळपासूनचा हा सतरावा हात. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुठे?"

झालं! एवढं विचारायचीच खोटी!

"मनगट! पण मनगट म्हणजे नेमकं कुठे? संस्कृतात मणिबंध. मणी बांधायची जागा! ही बघा, इथे," म्हणत काकांनी बाही सारून स्वतःचाच उजवा हात टेबलावर ठेवला.

"हलवू नका," भाऊ म्हणाले.

"छे छे! तर काही जाणकार म्हणतात, मनगट त्यातूनच आलं. पण 'मणी'चा 'मन' झाला हे मानलं, तरी हा 'गट' कुठून उपटला? तीन वर्षं मी त्याच्या मागावर आहे!"

"बोटं सैल सोडा." भाऊंनी कापूस गुंडाळला.

"अहो..." काकू म्हणाल्या.

"थांब गं, मुद्द्यावर येतोय!"

"अहो भाऊ, तो हात..."

"काकू, बोलू द्या त्यांना. पेशंट बोलत असला की कळ जाणवत नाही!"

काकू हसू दाबत स्टुलावर बसल्या. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाला मध्येच तोडणं त्यांना जमलं नव्हतं. भाऊंची काय कथा!

'गट'चा निकाल लागायच्या आत प्लास्टर दगड झालं. काका टाळी द्यायला गेले, तर मनगट वळेचना!

"अरेच्चा! हे कुणी केलं?"

भाऊंनी डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि कपाळाला हात लावला. "इथं तर बाई लिहिलंय! आणि कापायचं यंत्र गेलंय दुरुस्तीला. काका, उद्या या!"

मग काकूंचा हात बांधला.

घरी पोचल्यावर काकूंनी डाव्या हातानं कुलूप धरलं. "घर बघताय ना? मग फिरवा किल्ली!" चौथ्या झटापटीत दार उघडलं. दोघं आपापलं ओझं मांडीवर घेऊन पलंगावर बसली.

"भ्यालात ना?" काकूंनी विचारलं.

"मी? हॅ!"

"लेक झाली तेव्हा नर्सला 'नाळ' शब्द कुठून आला ते सांगत होतात. तिनं हाताला धरून बाहेर काढलं! भीती वाटली की तुम्ही शब्दांत जाऊन लपता."

काकांनी काकूंच्या प्लास्टरवर डावा हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "दुखतंय का गं?"

"तीन तासांनी सुचलं!" काकूंनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. "दुखतंय. बोला काहीतरी."

काकांनी घसा खाकरला.

"बरं," ते म्हणाले, "मग आता कोपर घेऊ."