बिजली थांबेल तिथे

आमच्या कॉलनीत कुत्री पाळणारी माणसं पुष्कळ आहेत, पण कुत्रीने पाळलेला माणूस एकच. निंबा नाना.

आठवडे बाजाराच्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला नाना फाटकातून बाहेर पडतात. डोक्यावर कडक पांढरी टोपी, दोन्ही खांद्यांना पिशव्या आणि मनगटाला सुती दोरी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला बिजली. तांबूस रंगाची, एक कान मोडलेली, अस्सल गावठी कुत्री. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा कुत्रीला फिरवायला निघालाय. दहा पावलं मागून चाललं की कळतं, फिरवणारी बिजली आहे. ती वळली की नाना वळतात. ती ज्या दुकानापुढे थांबते तिथलं काहीतरी नाना घेतात, आणि जिथे थांबत नाही तिथलं फुकट दिलं तरी घेत नाहीत.

"नाना, टोमॅटो बघा काय लालभडक आहेत," मी एकदा म्हणालो.

"बिजली थांबनी नही," नाना चालता चालता म्हणाले.

"अहो, पण तुम्हाला हवेत ना?"

"मास्तर, आपलं काय शे? आपन मांगे मांगे. बिजलीले बठ्ठं मालूम शे."

बिजलीला सगळं ठाऊक, त्यामुळे चार महिने त्या घरात टोमॅटो आला नाही.

आता हे नाना कोण, ते सांगायला हवं, नाहीतर यातली गंमत कळणार नाही. नाना मूळचे शिरपूरकडचे, 'आहे'ला 'शे' म्हणणारे, अस्सल अहिराणी. जळगावात एका डाळमिलमध्ये छत्तीस वर्षं फोरमन होते. गळ्यात शिट्टी. ती वाजली की हमाल, गाडीवाले, मशीनवाले सगळे सरळ. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या गल्लीला शिस्त लावायला घेतली. कुणाची मोटारसायकल कुठे लावायची, पाण्याचा नळ किती वाजता बंद करायचा, हे नाना ठरवत. मी शाळेत गणित शिकवतो, पण नाना समोरून आले की माझ्या शर्टाची बटणं आपोआप तपासली जात. अशा माणसाने एका कुत्रीचा हुकूम मानावा, हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

त्यात बिजली नानांची नव्हेच. ती अक्कांची, म्हणजे नानांच्या बायकोची. अक्कांनी तिला बाजारातूनच पिल्लू असताना पदराखाली आणलं होतं. नानांचे आणि तिचे संबंध सहा वर्षं एका शब्दावर चालले होते, तो शब्द म्हणजे 'हाड'. बाजारही अक्कांचाच. लग्न झाल्यापासून नानांनी स्वतः कधी मेथीची जुडी आणली नव्हती.

मग दिवाळीनंतर अक्का मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं. पण घरी आल्यापासून अक्का खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. बोलायच्या दोनच शब्द, 'हं' आणि 'नको'. जेवण 'नको', वॉकर 'नको', सुनेचा पुण्याहून फोन आला तर 'हं'. डॉक्टर म्हणाले, हाडाचं काम मी केलं, आता उठायचं मनावर त्यांनीच घ्यायला हवं, नाहीतर त्या अशाच खाटेला खिळतील. नाना त्या दिवशी आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि त्यांनी मला आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला. त्याआधी ते फक्त सूचना करत.

"मास्तर, तिले काय आवडस, तुमले मालूम शे का?"

मला कसं माहीत असणार? मी तसं म्हणालो.

"माले बी नही," नाना म्हणाले.

अक्कांना विचारलं की 'नको'. तेव्हा नानांच्या लक्षात आलं, की अक्कांबरोबर दर आठवड्याला बाजारात जाणारा एक प्राणी घरात आहे. त्यांनी दोरी आणली. असा तो बाजार सुरू झाला.

मी हौसेने त्यांच्याबरोबर जाऊ लागलो, खरं सांगायचं तर मजा बघायला. पण दोन आठवड्यांत माझीच बोलती बंद झाली. त्या गर्दीत, केळीच्या घडांच्या गाड्या, भोंगे, एकमेकांवर ओरडणारे भाजीवाले, पायात येणारी गुरं, यातून ती कुत्री अशी चालायची की वाटावं, तिच्या नाकासमोर कुणी खडूने रेघ आखून ठेवली आहे. मटणाच्या गल्लीत इतर कुत्री जीव टाकत होती. बिजलीने तिकडे मान वळवली नाही. भरताच्या वांग्यांच्या सात पाट्या ओलांडून ती आठवीपुढे बसली, आणि ती म्हातारी वांगंवाली म्हणाली, "अगोबाई, बिजली! अक्का कुठंय?" मी तोंडात बोट घातलं. नानांनी टोपी काढून हातात धरली. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

चुका व्हायच्या. एकदा बिजली बैलांच्या साजाच्या दुकानापुढे थांबली. ती फक्त कान खाजवायला थांबली होती, हे मला दिसत होतं. नानांनी दोन लाल गोंडे आणि एक घुंगरांचा पट्टा घेतला.

"नाना, अक्का याचं काय करतील?"

"तिले मालूम व्हई."

अक्का गोंड्यांकडे बघून 'हं' म्हणाल्या. ते गोंडे आता माझ्या स्कूटरच्या हँडलला आहेत.

पण चौथ्या आठवड्यात बिजली रशीदभाईंच्या बांगड्यांच्या गाडीपुढे बसली. नाना बांगड्यांपुढे उभे राहिले, परीक्षेत प्रश्नपत्रिका उलटी आल्यासारखे. रशीदभाईंनी काही न विचारता चार हिरव्या बांगड्या कागदात गुंडाळल्या.

"माप?" नानांनी विचारलं.

"सव्वादोन. अक्कांचं माप मला पाठ आहे ना, नाना. वीस वर्षं झाली."

नानांनी 'सव्वादोन' दोनदा स्वतःशी म्हटलं. घरी येऊन त्यांनी ती पुडी खाटेवर ठेवली. अक्कांनी ती उघडली, बांगडी हातात सरकली, आणि दोन महिन्यांनी त्या भिंतीकडून इकडे वळल्या.

"तुमले कोनी सांगं?"

"बिजलीनी," नाना म्हणाले.

अक्का पुन्हा भिंतीकडे वळल्या. पण नाना धावत आमच्याकडे आले आणि हाताची तीन बोटं वर करून म्हणाले, "तीन शब्द, मास्तर! तीन!" साठ हमालांना धाकात ठेवलेला माणूस आमच्या दारात लहान मुलासारखा हसत उभा होता. मला त्यांचा फार आदर वाटला, आणि मी कधी बायकोच्या बांगडीचं माप विचारलंय का, हे आठवून थोडी लाजही वाटली.

एक जागा मात्र आम्हाला उलगडत नव्हती. बाजार संपत आला की बिजली पाण्याच्या टाकीच्या भिंतीशी जायची. तिथे दुकान नाही, पाटी नाही, काही नाही. ती पुढचे पाय पसरून त्यावर हनुवटी टेकायची आणि अर्धा तास हलायची नाही. नानाही पिशवी खाली ठेवून तिच्याशेजारी मांडी घालायचे. लोक बघायचे. मी चपलेचा अंगठा न्याहाळत बसायचो. शेवटी एकदा रशीदभाईच गाडी सोडून आले.

"इथं भडगावच्या गिरजाबाई बसायच्या, बिबडे विकायला," ते म्हणाले. बिबडे म्हणजे ज्वारीचे तिखट पापड. खानदेशात ते नुसते खातात, भाजून खातात, गप्पा मारताना तर मोजदाद नाही. "अक्का सगळा बाजार करून इथं टेकायच्या. एका चहाचे दोन भाग. आणि काय हसायच्या, नाना! मी गिऱ्हाईकाला म्हणायचो, थांबा, आधी यांचं होऊ द्या."

"कोन हासे?" नानांनी विचारलं.

"अक्का."

"आमनी?"

नानांचा विश्वास बसेना. त्यांनी रशीदभाईंना अक्कांचं वर्णन करायला लावलं. उंची, गोंदण, चष्म्याची काडी. सगळं बरोबर निघालं. अक्का यायच्या थांबल्या, तेव्हा गिरजाबाई तीन बाजार वाट बघत बसल्या होत्या. कुणाला विचारायची त्यांची छाती झाली नाही. मग त्याही आल्या नाहीत. हल्ली गावच्याच बाजारात बसतात, असं रशीदभाईंनी ऐकलं होतं.

भडगावच्या बाजाराच्या दिवशी नाना पहाटे तयार होते. माझ्या जुन्या गाडीत मागच्या सीटवर नाना आणि बिजली, दोघंही खिडकीतून बाहेर बघत. तिथे पोचलो आणि पहिल्यांदाच बिजली उतरून नुसती उभी राहिली. हा बाजार तिचा नव्हता. नानांनी दोरी ओढली नाही. "बिजलीले बठ्ठं मालूम शे," ते म्हणाले, पण या वेळी माझ्याकडे बघून. मला वाटलं, आता परत फिरावं लागणार. आणि मग तिने नाक वर केलं, मोडका कान ताठ करायचा प्रयत्न केला, आणि अशी सुटली की नानांची टोपी उडाली. मिरच्यांचे ढीग, कापडवाले, भांडीवाले, मागे टोपी धरून मी.

एका पाटीमागे एक किडकिडीत म्हातारी बसली होती. बिजली तिच्या मांडीतच शिरली. म्हातारीने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"तू कोना संगे उनी व?" ती म्हणाली. वर बघायला ती तयार नव्हती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे पाहिलं, की विचारावं लागेल, आणि विचारलं की ऐकावं लागेल. तिची भीती मला स्पष्ट दिसली. नानांनाही दिसली. ते धापा टाकत तिच्यासमोर खाली बसले.

"शे," नाना म्हणाले. "ती शे, बाई. पडनी, हाड मोडनं. पन शे."

गिरजाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनी पाटीवर फडकं टाकलं, शेजारणीला नजर ठेवायला सांगितलं, बिबड्यांची एक पिशवी काखेत मारली आणि आमच्या गाडीत येऊन बसल्या. वाटेत जळगावपर्यंत त्यांनी नानांना एकच प्रश्न विचारला, अक्का चहात साखर घेतात ना अजून. नानांना सांगता आलं नाही.

घरी नानांनी त्यांना दारापर्यंत नेलं, "मझार शे," म्हणजे आत आहे, एवढंच म्हणाले आणि स्वतः बाहेर ओट्यावर बसले. मीही बसलो. आतून आधी रडणं आलं, मग शिव्या आल्या, अगदी प्रेमाच्या. मग खाट करकरली. मग अक्का बोलू लागल्या, थांबेचनात. भिंतीचा, सुनेचा, डॉक्टरांचा, कदाचित आमचाही समाचार घेत होत्या. आणि मग त्या हसल्या. मोठ्याने, खालून वर चढत जाणारं, दम लागेपर्यंत हसू. माझ्या अंगावर काटा आला. या गल्लीत मी चौदा वर्षं राहतो.

बिजली दाराला नखं घासू लागली. नानांनी दार हातभर उघडून तिला आत सोडलं आणि आवाज न करता पुन्हा लावून घेतलं.

"पंचेचाळीस वरीस संगे ऱ्हायनू, मास्तर," ते म्हणाले. "हाऊ आवाज माले मालूम नव्हता."

"नाना, चला ना आत. अक्का बसल्याही असतील उठून."

नानांनी मान हलवली. टोपी गुडघ्यावर ठेवली आणि दाराकडे कान करून ते जरा पुढे सरकून बसले.

"नको," ते हळू म्हणाले. "मी मझार गऊ, का ती चूप व्हई जाई."