मृतापेक्षा लहान अर्जदार

माझ्या फॉर्ममधून चुकीची मुंगीसुद्धा आत शिरणार नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे! मृत्यूनोंदणीचा ऑनलाइन अर्ज एक्सएमएल नावाच्या साच्यातून पुढे जायचा, आणि त्याचा स्कीमा, म्हणजे तपासणीची नियमावली, मी लिहिला होता. साधा स्कीमा एकेक रकाना सुटा तपासतो. मी त्यात असर्शन घातली होती, म्हणजे रकान्यांनी एकमेकांशी कसं वागायचं याच्या अटी. एका गृहस्थांनी वडिलांच्या नोंदणीत रकाने उलटेपालटे भरून स्वतःलाच मृत जाहीर केलं, तेव्हा मी अट ठोकून दिली: अर्जदार मृतापेक्षा लहानच हवा! साहेबांनी पाठ थोपटली.

गेल्या मंगळवारी माझे काका गेले. लग्न केलेलं नव्हतं, जवळची म्हणावी अशी फक्त आजी, वय ब्याऐंशी. नोंदणी झाल्याशिवाय शवागारवाले त्यांना सोडेनात. "माझ्या लेकाला त्या गारठ्यातून बाहेर काढ," एवढंच आजी सकाळपासून मला सांगत होती.

नोंदणी कार्यालयात खिडकीतल्या बाईंनी आजीच्या नावानं अर्ज भरला. पडदा लाल!

"अर्जदार मृतापेक्षा मोठा आहे म्हणतंय."

"अहो, आई आहे ती!"

"मग आजींचं जन्मसाल जरा पुढे ढकलू?"

ढकललं. पुन्हा लाल! आई मुलापेक्षा निदान पंधरा वर्षांनी मोठी हवी. तीही अट माझीच.

"माझं नाव टाका. मी पुतण्या."

"पुतणे चालत नाहीत."

पुतणे लबाड असतात, असं भर बैठकीत मीच म्हणालो होतो!

साहेबांना फोन लावला.

"अट काढायला तुझा लेखी अर्ज लागेल. पण तू तर रजेवर!"

"रजा रद्द करा ना."

"आधी मंजूर तर होऊ दे! काकांच्या मृत्यूचा दाखला जोड."

एव्हाना आजी खिडकीशी आली होती. "ही लहान-मोठ्याची अट घातली कुणी?"

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. तोंड कुठे लपवू असं झालं मला.

"बरोबर घातलीस रे," आजी म्हणाली. "त्यालाच पाळता आली नाही."

मला रडूच फुटलं. मग बाईंना उठवलं, त्यांच्या खुर्चीत बसलो, माझा पासवर्ड टाकला आणि नोकरी गेली तर गेली म्हणत अट पुसून टाकली. आजीचं खरं जन्मसाल परत भरलं. अर्ज गेला! आजी चष्मा सावरून पडदा वाचायला वाकली. मी आडवा गेलो, पण उशीर झाला होता. हिरव्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: "अभिनंदन! आपण यशस्वी झाला आहात."

तेही मीच लिहिलं होतं.