पायऱ्या दाखवा

गणिताच्या बाईंच्या लाल पेनात शाई बरोबर दोन सेंटिमीटर उरली होती. रिफिलला पट्टी लावून त्यांनी ती मोजली होती. शाई संपेपर्यंत या सरकारी शाळेत राहायचं की सोडायचं ते ठरवायचं, असा त्यांचा बेत होता. फक्त ही तिसरी रिफिल होती.

निमित्त झालं नव्या परिपत्रकाचं. लाल शाईने मुलांचं मन दुखावतं, म्हणून हिरवी वापरा. 'चूक' म्हणू नका, 'वेगळं उत्तर' म्हणा. पलीकडच्या खाजगी शाळेत मात्र अजून पाढे पाठ करून घेत. तिथून बाईंना बोलावणंही आलं होतं.

"तिथे सगळे तुझ्याच मताचे," नवरा म्हणाला होता. "भांडायला कुणी नाही. करमेल का तुला? पण काय ते एकदाचं ठरव बाई. पिशवीत राहून राहून राजीनाम्याला डब्याचा वास यायला लागलाय."

त्या दिवशी बाईंनी पिशवीतून चाचणीचे पेपर काढले, अदलाबदल करून वाटले आणि प्रत्येकाच्या हाती लाल पेन्सिल दिली.

"बाई, या पेपरावर नाव नाही," पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली. "आकडेही नाहीत."

"म्हणजे कुणीतरी नुसती टोलवाटोलवी केलीय. जे लिहिलंय ते तपास. दयामाया नको!"

तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले. छत्तीस लाल पेन्सिली बघून त्यांचा चेहराही त्याच रंगाचा झाला.

"बाई! उद्या साहेब तपासणीला येतायत, आणि तुम्ही हे कारखाने उघडलेत? थांबा, पुरावाच घेतो."

त्यांनी हाताशी आलेला पेपर उचलला. तो चष्मेवाली तपासत होती तोच होता. वाचता वाचता त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"बाई, अक्षर तुमचं. हा तर तुमचा राजीनामा."

बाईंनी पिशवी चाचपली. आत फक्त डबा होता.

"माझ्या हाती आला म्हणजे सादर झाला," सरांना आनंद लपवता येईना. "एक सही करा, लगेच मंजूर करतो."

"आधी बघू द्या."

'राजिनामा'मधली 'जि' लाल गोलात अडकली होती. 'वैयक्तिक कारणास्तव'खाली दोन रेघा होत्या, आणि समासात टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: 'कारण कोणतं? नुसतं उत्तर चालणार नाही. पायऱ्या दाखवा. दहापैकी शून्य.'

बावीस वर्षं बाई हेच शब्द वह्यांवर लिहीत आल्या होत्या.

"बाई, कमी दिले का मी?" चष्मेवाली चाचरली.

"नाही गं. शून्यच बरोबर."

सरांनी सहीसाठी पेन पुढे केलं. हिरवं.

बाईंनी ते हळूच बाजूला सारलं. "पायऱ्या नाहीत, सर. हे वेगळं उत्तर नाही, चूक आहे. मी ही शाळा सोडत नाही."